ता.क.मधली तारीख आधी रद्द करा

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. मी ३६ वर्षांची, तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या घराण्यात डोळ्यात फूल पडण्याचा आजार आहे. आजीला होता, बाबांना आहे, आत्यालाही आहे. बाबांच्या उजव्या डोळ्यात पंधरा वर्षांपूर्वी बुबुळ बसवलं. आता त्यातही ठिपके परत दिसायला लागलेत. मला तिशीनंतर त्रास सुरू झाला. चष्मा (उणे दीड) बदलून बदलून थकले, तरी फळ्यावरची अक्षरं धुरकटच. संध्याकाळी स्कूटीवरून येताना समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की उजेड असा फाकतो की रस्ताच दिसत नाही. वर्षातून चार-पाच वेळा पहाटे डोळा उघडताना साल सोलल्यासारखी कळ येते, मग दोन दिवस डोळा लाल. तपासणीत ‘ग्रॅन्युलर डिस्ट्रॉफी’ निघाली. एका डॉक्टरांनी पीटीके नावाचं लेसर सुचवलं. दुसरे म्हणाले, थांबा, शेवटी बुबुळच बदलावं लागणार. लेसरने हे कायमचं जाईल का? माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिला होईल का? (कृपया नाव छापू नये.)

ता.क. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय, आत्याच्याच मुलाशी. त्याआधी चष्मा घालवायचा म्हणून तिने लेसिकची तारीख घेतली आहे. तिच्याबरोबर माझंही उरकून घ्यावं असं घरचे म्हणतात. मशीन एकच असतं म्हणे. चालेल का?

उत्तर: बाई (शाळेतल्या शिक्षिकेला दुसरं काय म्हणायचं), तुमच्या पत्रातला सगळ्यात तातडीचा मजकूर ता.क.मध्ये आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. बहिणीची लेसिकची तारीख रद्द करा. पुढे ढकलू नका, रद्द करा. तिच्या डोळ्यात आज एकही ठिपका कुणाला दिसत नसला तरीसुद्धा.

मशीन एकच असतं, हे खरं आहे. बहिणीचं लेसिक असो की तुम्हाला सुचवलेलं पीटीके (म्हणजे ठिपक्यांचा वरचा थर लेसरने खरवडणं), दोन्हीकडे एक्सायमर लेसरच वापरतात. पण विळी एकच असली तरी तिच्याखाली काय धरलंय ते महत्त्वाचं. लेसिकमध्ये कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेचा (‘बुबुळ बदललं’ म्हणतात तेव्हा बदलतात ती हीच काच), पातळ पापुद्रा कापून वहीचं पान उलटावं तसा बाजूला करतात, आतल्या भागावर लेसर मारून नंबर घालवतात आणि पान परत मिटतात. निरोगी डोळ्याला हे सोसतं. तुमच्या घरच्या आजारात, म्हणजे ग्रॅन्युलर डिस्ट्रॉफीत, मात्र नेमकं हेच अंगाशी येतं. जखम भरताना कॉर्निया एक प्रथिन नेहमीपेक्षा जास्त बनवते, आणि तुमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेला दोष त्याच प्रथिनात आहे. ते विरघळत नाही, साचतं. मिटलेल्या पानाखालची फट ही त्याला साचायला आयती जागा.

माझ्याकडे एक सत्तावीस वर्षांचा मुलगा आला होता. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी लेसिक झालेलं. त्याआधी त्याच्या डोळ्यात दोन-तीन पुसट ठिपके असणार. ते कुणाच्या लक्षात आले नाहीत, किंवा आले पण कुणी मनावर घेतले नाहीत. स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली) पाहिलं तर पापुद्र्याच्या खाली मैद्याची चाळणी झटकल्यासारखी भुकटी पसरली होती. घरात कुणाला डोळ्याचं काही आहे का, असं विचारलं. म्हणाला, “आईच्या डोळ्यात फूल आहे, पण ते लहानपणी काहीतरी लागलेलं.” लागलेलं नव्हतं.

ग्रॅन्युलरचे दोन प्रकार असतात. दोन्हींचं मूळ पाचव्या गुणसूत्रावरच्या एकाच जनुकात आहे. त्याचं नाव टीजीएफबीआय, आणि त्यातल्या बदलांमुळे हे आजार होतात हे १९९७ साली कळलं. दुसऱ्या प्रकाराला इटलीतल्या एका प्रांतावरून अव्हेलिनो म्हणतात, कारण सुरुवातीला वर्णन झालेली कुटुंबं मूळची तिथली होती. लेसिकनंतर डोळा बिघडल्याचे जास्तीत जास्त दाखले या प्रकाराचे आहेत. दक्षिण कोरियात हा प्रकार बराच आढळतो, म्हणून तिथे चष्मा घालवण्याच्या ऑपरेशनआधी हे जनुक तपासून घेण्याची पद्धत पडली आहे. आपल्याकडे ती नाही, त्यामुळे घराण्याचा इतिहास आपणहून सांगणं हे आपलं काम. लेसिकच्या ठिकाणी भरून घेतात त्या फॉर्मवर ‘कुटुंबात डोळ्यांचे आजार’ असा रकाना असतो. तुमच्या बहिणीने तिथे काय लिहिलंय ते विचारा बरं.

तेव्हा क्रम असा धरा. आधी तुमची जनुक-चाचणी, कारण आजार तुम्हाला नक्की आहे आणि नेमका बदल कोणता ते तुमच्याच रक्तातून कळेल. मग तोच बदल बहिणीत आहे का ते पाहायचं. थोडं रक्त किंवा गालाच्या आतून घेतलेला बोळा पुरतो. बहिणीत तो नसेल तर ती इतर कोणासारखीच. खुशाल लेसिक करू दे. असेल तर लेसिक नाही, पीआरके नाही, स्माइल नाही, चष्मा घालवणारं कुठलंच ऑपरेशन नाही. लग्नाच्या फोटोंत चष्मा असेल, एवढंच. तसंही नवऱ्या मुलाने तिला लहानपणापासून चष्म्यातच पाहिलं असणार.

नवऱ्या मुलाचा विषय निघालाच आहे तर तोही पुरा करते. ग्रॅन्युलर होण्यासाठी आई किंवा वडील, एकाकडून दोष आला तरी पुरतो. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं नव्याने उडतं, अर्धी-अर्धी शक्यता. थोरल्याला झालं म्हणून धाकटा सुटला, असा हिशेब यात नसतो. तुमच्या बहिणीचं नाणं बाबांकडून उडालं, तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं आत्याकडून. दोघांच्याही वाट्याला दोष आलेला असेल, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला तो दोन्हीकडून मिळण्याची शक्यता चारात एक. दोन्हीकडून मिळालेला ग्रॅन्युलर हा तुमच्यासारखा तिशीची वाट पाहत बसत नाही. तो बालपणीच दाट होतो, आणि लेसर केलं तरी लवकर परततो. मामाची मुलगी करणं आपल्याकडे नवलाचं नाही, आणि सोयरीक मोडा असं मी मुळीच म्हणत नाही. दोघांची तपासणी आधी होऊ दे. स्लिट लॅम्पखालच्या पाच मिनिटांत आणि एका चाचणीत चित्र स्पष्ट होतं. पुढचं त्या दोघांनी ठरवावं. आत्याला हे कसं सांगायचं, ते मात्र तुम्हीच चांगलं जाणता.

आता तुमच्याकडे येते.

तुमच्या दोन डॉक्टरांनी परस्परविरोधी सांगितलेलं नाही. एक आजचं बोलतोय, दुसरा कदाचित पंचवीस वर्षांनंतरचं. मधली वर्षं कशी काढायची, एवढाच वाद आहे, आणि त्यात माझं मत पीटीकेच्या बाजूने आहे.

कॉर्निया मधोमध अर्ध्या मिलिमीटरहून जराशी जास्त, साधारण ५४० मायक्रॉन जाड असते. त्यातले वरचे ५० मायक्रॉन म्हणजे साल. ती सतत झडते आणि नव्याने येते. सदोष प्रथिन बरंचसं या सालीच्या पेशीच बनवतात, म्हणून ग्रॅन्युलरचे ठिपके सुरुवातीला सालीच्या लगेच खाली साचतात. बाबांच्या बसवलेल्या बुबुळात ठिपके का परतले, त्याचंही उत्तर यातच आहे. बुबुळ दात्याचं, पण त्यावर हळूहळू चढलेली साल बाबांची स्वतःची. म्हणून बुबुळ बदललं की विषय कायमचा संपला, असं या आजारात होत नाही. आणि लेसरने कायमचं जाईल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही आलंच: नाही. कशानेच कायमचं जात नाही. पीटीकेमधून काही चांगली वर्षं मिळतात आणि मोठं ऑपरेशन लांबतं. माझ्या दृष्टीने ही कमाई लहान नाही.

एक्सायमर हा जाळणारा लेसर नव्हे. त्याचा किरण अतिनील, १९३ नॅनोमीटरचा. तो रेणूंमधले बंध तोडतो, आजूबाजूला चटका बसत नाही. ही करामत पहिल्यांदा लक्षात आली ती अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत, आणि ओळखणाऱ्यांत आपल्याकडचा माणूस होता: मद्रासला शिकलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन. नोव्हेंबर १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीतलं उरलेलं टर्कीचं हाड त्यांनी प्रयोगशाळेत नेलं आणि लेसरखाली धरलं. काप स्वच्छ, कडेला करपलेपणा नाही. दोन वर्षांत त्याचा कॉर्नियावर अभ्यास झाला, आणि १९९५ साली अमेरिकेत पीटीकेला मंजुरी मिळाली, चष्म्याच्या नंबरासाठीच्या लेसरच्या काही महिने आधी. म्हणजे हे मशीन डोळ्यांसाठी मान्य झालं ते आधी तुमच्यासारख्यांसाठी. चष्मेवाल्यांची गर्दी नंतरची.

टेबलावर काय होतं ते सांगते, म्हणजे धास्ती कमी होईल. इंजेक्शन नाही, बधिर करणारे थेंब. पापण्या एका चिमट्याने उघड्या ठेवतात. वर एक लुकलुकणारा दिवा असतो, त्याकडे पाहत राहायचं. लेसर सुरू झाला की टकटक असा आवाज येतो आणि केस जळल्यासारखा वास. वास आला की बहुतेक जण दचकतात, म्हणून आधीच सांगून ठेवलं. एका ठोक्याला जेमतेम पाव मायक्रॉन थर निघतो. सर्जन मधेच थांबतो, पाहतो, परत सुरू करतो. प्रत्यक्ष लेसर एखाद-दुसरा मिनिटच चालतो.

यातलं खरं कसब एका साध्या द्रवात आहे. ठिपक्यांमुळे कॉर्नियाचा पृष्ठभाग उंचसखल झालेला असतो. त्यावर सरसकट लेसर मारला तर उंचवटे आणि खळगे दोन्ही सारखेच खाली जातील, म्हणजे खडबडीतपणा आहे तसाच राहील. म्हणून वर दाट, बुळबुळीत द्रवाचा थेंब पसरतात. भाताच्या खाचरात पाणी सोडलं की ढेकळांची डोकी तेवढी वर राहतात ना, तसं. खळगे द्रवाखाली झाकले जातात आणि लेसर डोकी तेवढी छाटतो. थेंब किती, कधी, किती जाड, हे हाताने शिकावं लागतं. म्हणून नुसतं ‘लेसर आहे का’ एवढं विचारू नका. ‘तुम्ही डिस्ट्रॉफीसाठी पीटीके करता का, किती केलेत’ असं स्पष्ट विचारा. दिवसाला वीस लेसिक करणारा सर्जन याच्यात तयार असेलच असं नाही.

सगळे ठिपके काढायचे नसतात. हे पटायला मला स्वतःला वेळ लागला. उमेदीच्या काळात मी एका पेशंटचा शेवटचा ठिपका निघेपर्यंत खाली खाली जात राहिले. काच लख्ख झाली, आणि त्याला अधिक चारचा नंबर आला. कॉर्निया मधोमध छाटली की सपाट होते, आणि सपाट झाली की नंबर अधिककडे सरकतो. तो बिचारा म्हणायचा, “दिसतंय स्वच्छ, पण चष्म्याशिवाय काहीच दिसत नाही.” त्यानंतर मी खोलवरचे ठिपके सोडून द्यायला शिकले. ग्रॅन्युलरमध्ये दोन ठिपक्यांच्या मधली जागा बराच काळ स्वच्छ असते. नजर बिघडवतो तो मुख्यतः वरचा धुरकट थर आणि खडबडीतपणा. उसाच्या ट्रॅक्टरचा उजेड फाकतो तोही त्यामुळेच. तेवढं गेलं की फरक पडतो. तुमचा नंबर उणे दीड आहे, म्हणजे थोडा अधिककडे सरकला तरी तुमच्या पथ्यावरच पडेल.

तुम्ही पात्र आहात का, हे तीन गोष्टींवरून ठरेल. ठिपके किती खोल आहेत ते कॉर्नियाच्या ओसीटी स्कॅनमध्ये मोजतात. वरच्या शंभरेक मायक्रॉनमध्ये असतील तर पीटीके छान, बरेच खोल असतील तर त्याचा उपयोग कमी. दुसरी, कॉर्नियाची एकूण जाडी. लेसरनंतर मागे किमान २५० मायक्रॉन राहायलाच हवेत, आणि शहाणा सर्जन त्याहून बरेच जास्त ठेवतो. तिसरी चाचणी मला फार आवडते, कारण तिला काही खर्च नाही: डोळ्यात कडक कॉन्टॅक्ट लेन्स घालून तक्ता वाचायला देतात. लेन्सने दोन-तीन ओळी जास्त वाचता आल्या, तर दोष मुख्यतः खडबडीतपणाचा, आणि खडबडीतपणावर पीटीके चालतं. डोळे फार कोरडे असतील किंवा पूर्वी डोळ्यात नागीण होऊन गेली असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. तिथे हात आखडता घ्यावा लागतो.

पहाटेच्या कळेचंही सांगते. ठिपक्यांमुळे साल खालच्या थराला नीट चिकटत नाही. रात्री डोळा कोरडा पडतो, साल पापणीला चिकटते आणि डोळा उघडला की सोलली जाते. तुम्ही लिहिलेला शब्द अगदी अचूक आहे. पीटीकेनंतर नवी साल जास्त घट्ट बसते, त्यामुळे हा त्रास पुष्कळ कमी होतो. कित्येकांना नजरेपेक्षा याच गोष्टीचं समाधान जास्त वाटतं. तोवर रात्री झोपताना डोळ्यात मलम घाला. जाग आली की डोळा फटकन उघडू नका. मिटलेल्या पापणीखाली बुबुळ हळू इकडेतिकडे फिरवा, उशाशी ठेवलेल्या कृत्रिम अश्रूंचा थेंब कोपऱ्यात सोडा, मग उघडा.

लेसरनंतरचे दोन-तीन दिवस वाईट असतात. त्यात गोड बोलून काही उपयोग नाही. डोळ्यात मूठभर कुसळं गेल्यासारखं वाटतं, पाणी वाहतं, उजेड सोसत नाही. वर पट्टीसारखी मऊ लेन्स ठेवतात, नवी साल चढली की ती काढतात. त्याला बहुधा चार-सहा दिवस लागतात. दुखतंय म्हणून बधिर करणारे थेंब कुठून मिळवून घरी घालत बसू नका. ते वारंवार घातले तर साल भरतच नाही आणि कॉर्निया विरघळायला लागते. हे मी पाहिलंय. स्टेरॉइडचे थेंब मात्र काही आठवडे, कधी महिने, सांगितल्याप्रमाणे घालावे लागतात, आणि त्या काळात डोळ्याचा दाब तपासून घ्यावा लागतो. नजर पहिल्या महिन्यात वरखाली होते. नवा चष्मा तीन महिन्यांआधी करू नका, पैसे वाया जातील.

आधी एकच डोळा करा, जास्त त्रास देणारा. दुसऱ्याचं नंतर बघू. शिक्षक मंडळी सगळी ऑपरेशनं मे महिन्यावर टाकतात. तुम्ही टाकू नका. लेसरनंतर कडक उन्हाने कॉर्नियावर धूसरपणा येण्याची भीती वाढते, आणि सांगलीकडचं मे महिन्यातलं ऊन मी काय सांगू! दिवाळीची सुट्टी बरी. तेव्हाही बाहेर पडताना गॉगल हवाच. आणि सुट्टी संपल्यावर दोनेक आठवडे खडूचं काम वर्गातल्या मुलांना सोपवा.

ठिपके काही वर्षांनी परततील. पहिल्या वेळी थोडंच खरवडलं असेल तर पुन्हा पीटीके करता येतं. प्रत्येक वेळी जाडी खर्च होते, म्हणून कितीही वेळा नाही. पुढे वेळ आलीच तर आता बुबुळ पूर्ण बदलावं लागतंच असं नाही. डाल्क नावाच्या ऑपरेशनमध्ये पुढचे थर दात्याचे बसवतात आणि आतला जिवंत पेशींचा थर तुमचाच राहतो, त्यामुळे बुबुळ नाकारलं जाण्याचा धोका बराच कमी.

मुलीला एकदा स्लिट लॅम्पखाली दाखवा, मग वर्षातून एकदा. तिच्याही बाबतीत अर्धी-अर्धीच शक्यता. ठिपके दिसले तरी त्रास होईपर्यंत काहीच करायचं नसतं. तिला डोळे चोळायची सवय असेल तर ती मात्र आताच मोडा. आणि वीस वर्षांची झाल्यावर तिने लेसिकचा फॉर्म भरला, तर तो रकाना कोरा राहणार नाही, एवढं बघा.

लेसरच्या आधी कॉर्नियाची वक्रता मोजतात, तो कागद लॅमिनेट करून जपून ठेवा. तुम्हाला साठीत मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना त्याची गरज पडेल. तोवर मी नसेन, आजचा तुमचा सर्जनही कदाचित नसेल, आणि तेव्हाच्या डॉक्टरला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही की या डोळ्यावर कधी लेसर झालंय.

शेवटची गोष्ट बाबांची. पुढच्या तपासणीला त्यांनाही सोबत न्या. बसवलेल्या बुबुळात परतलेले ठिपके बहुधा वरच्यावरच असतात, आणि त्यावरही पीटीके करता येतं. बुबुळ नाकारलं जाऊ नये म्हणून स्टेरॉइडच्या थेंबांचं कडक वेळापत्रक पाळावं लागेल, एवढंच जास्तीचं. बुबुळ पुन्हा बदलणं हाच एक मार्ग उरलाय अशी त्यांनी समजूत करून घेतली असेल, तर त्यांना हे आजच सांगा.